लंडनहून ढाक्यावर लिहिणारा

परदेशात बसून मायदेशाच्या राजकारणावर स्तंभ लिहिणाऱ्यांबद्दल माझं मत पूर्वी साफ होतं: या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला यांना सांगितलंय कुणी? पोलीस दारात येत नाहीत, मग लिहायला काय जातं! बांगलादेशच्या अब्दुल गफ्फार चौधरींनाही मी त्याच पंगतीत बसवलं होतं. ‘एकुशे’च्या, म्हणजे एकवीस फेब्रुवारीच्या, गाण्याचा कवी म्हणून आदर होताच. पण पुढची चार-पाच दशकं लंडनहून ढाक्याच्या वर्तमानपत्रांत राजकारणावर रकाने? मला ती चांगल्या कवीची उधळपट्टी वाटायची.

त्या गाण्याचा जन्म कसा झाला हे वाचलं आणि मत हललं. २१ फेब्रुवारी १९५२. बंगाली भाषेच्या हक्कासाठी निदर्शनं करणाऱ्यांवर ढाक्यात पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. ढाका कॉलेजात शिकणारा सतरा वर्षांचा गफ्फार जखमींना बघायला मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात गेला. बाह्यरुग्ण विभागापाशी रफीकुद्दीन या आंदोलकाचा देह पडला होता, गोळीनं कवटी उडालेली. आपला भाऊच पडलाय असं त्याला वाटलं आणि ओळी सुचल्या. म्हणजे गाणंसुद्धा मुळात बातमीच. त्यात तारीखही आहे! स्तंभलेखक त्या दिवशीच जन्मला होता, मला तो उशिरा दिसला.

गाण्याला आधी अब्दुल लतीफ यांनी चाल लावली होती. आज भाषाहुतात्म्यांच्या स्मारकाकडे, शहीद मिनारकडे, अनवाणी निघालेले लोक गातात ती चाल अल्ताफ महमूद यांची. १९७१ च्या मुक्तिसंग्रामात पाकिस्तानी सैन्यानं अल्ताफना घरातून उचलून नेलं, ते परत आलेच नाहीत. गफ्फार तेव्हा कोलकात्यात, ‘जय बांग्ला’ साप्ताहिकात.

लंडनला ते गेले १९७४ मध्ये, पत्नीच्या उपचारांसाठी. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्टला, बांगलादेशचे संस्थापक शेख मुजीब यांची हत्या झाली आणि मुक्काम लांबला तो कायमचाच. लिहीत राहिले मात्र बंगालीत, ढाक्याच्या वाचकासाठी. इंग्रजीत लिहून तिथल्या साहेबांची वाहवा मिळवण्याची सोय हाताशी होती की!

१९ मे २०२२ रोजी ते लंडनमध्ये वारले. पार्थिव ढाक्याला आणलं, शहीद मिनारपाशी लोकांनी दर्शन घेतलं आणि मीरपूरला पत्नीशेजारी दफन झालं.

मुजीबभक्ती त्यांच्या लेखणीच्या आड यायची, असं मी आजही म्हणतो. त्यावरून त्यांच्या चाहत्यांशी वाद घालायची माझी तयारी आहे. लंडनच्या पत्त्यावरून मात्र आता नाही.