झेंडा उतरविला, खुर्ची गेली

आमचा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात असतो. मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मघर पाहायला गेला, तेव्हा वाटेतल्या एका झेंड्याचा फोटो त्याने धाडला. "मामा, हा इथल्या राज्याचा झेंडा. छान आहे ना?" त्या रात्री आम्हाला रॉय बार्न्स आठवले आणि झोप उडाली.

बार्न्स हे तिथले गव्हर्नर. तिथला गव्हर्नर म्हणजे दिल्लीहून नेमलेला राज्यपाल नव्हे. तो लोकांच्या मतांवर येतो आणि मतांवरच जातो. बार्न्स १९९८ साली निवडून आले, तेव्हा राज्याच्या झेंड्याचा दोन तृतीयांश भाग एका निशाणाने व्यापलेला होता. लाल रंगावर निळी फुली, फुलीत पांढरे तारे. काळ्या माणसांची गुलामगिरी टिकावी म्हणून १८६१ साली बंड केलेल्या राज्यांच्या फौजेचे ते निशाण. आणि ते झेंड्यावर चढले कधी? १९५६ साली! १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरविल्या, त्याला गोऱ्या आमदारांनी दिलेले हे उत्तर. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला गुलामीतून बाहेर काढले, त्याच वर्षी तिकडे गुलामीचे निशाण सरकारी कचेऱ्यांवर फडकू लागले.

बार्न्स गोरे. त्यांचे पणजोबा त्याच बंडखोर फौजेतले सैनिक. आधीचे गव्हर्नर झेल मिलर यांनी झेंडा बदलायचे मनावर घेतले होते, पण विरोध पाहून १९९३ साली माघार घेतली. बार्न्स यांनी जानेवारी २००१ मध्ये थोड्याच दिवसांत विधिमंडळाकडून नवा झेंडा मंजूर करून घेतला. जुने निशाण खालच्या पट्टीत चिमुकले होऊन राहिले. (नवा झेंडा दिसायला काही देखणा नव्हता, हेही सांगितले पाहिजे.)

नोव्हेंबर २००२ मध्ये निवडणूक झाली. प्रतिस्पर्धी सनी पर्ड्यू यांच्या कितीतरी पट पैसा असूनही बार्न्स लाखभर मतांनी पडले. नोकरीची हमी काढून घेतली म्हणून शिक्षक चिडले होते, एका नियोजित महामार्गावरून लोक नाराज होते. पण गावोगावच्या गोऱ्यांची तक्रार एकच, आम्हाला न विचारता आमचा झेंडा काढला.

हे वाचले की आम्हाला आमचेच आठवते. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि नांदेडकडची आमची वस्ती पेटली. आईने आम्हा भावंडांना रात्रभर उसात लपविले. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. पुढच्याच वर्षी ते सरकार पडले. कारणे पुष्कळ होती, पण लोक म्हणत, 'नाव दिले म्हणून पडले.' सोळा वर्षे झुलविले म्हणून आमचाही त्यांच्यावर राग होताच. मतदानाच्या दिवशी आम्ही मुंबईत कारखान्यात ओव्हरटाइम करीत होतो. मत दिले नाही. वडिलांनी गावाहून पत्राने विचारले, "कोणाला दिलेस?" आम्ही उत्तरच पाठविले नाही.

बार्न्स यांना २००३ साली केनेडी यांच्या नावाचा धैर्याचा पुरस्कार मिळाला. २०१० साली ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. पर्ड्यू यांनी झेंड्यावर लोकांचे मत घेण्याचे वचन दिले होते. ते मतदान मार्च २००४ मध्ये झाले, पण १९५६ चा झेंडा त्यात नव्हताच. बार्न्स यांचा झेंडा आणि २००३ चा नवा, एवढीच निवड होती. नवा निवडून आला. लाल-पांढरे-लाल पट्टे, कोपऱ्यात निळ्या चौकोनात ताऱ्यांचे कडे. आणि गंमत पाहा, हा नमुना त्याच बंडखोर राज्यांच्या पहिल्या झेंड्यावरून घेतलेला! फुली गेली ती गेली, पण हे कडे राहिले.

सकाळी भाच्याला फोन लावला. "फोटो पुन्हा काढ, बाळा. कोपऱ्यातले तारे मोज. तेरा भरतात का बघ, मग ते कुठून आले ते सांगतो."