लांकडाचा भास आणि जमिनीचा कस

आमच्या घरांतील शहाबादी फरशी वैशाखांत जितकी सुखावह, तितकीच माघांत निष्ठुर. सौभाग्यवतीच्या गुडघ्यांत संधिवात शिरल्यापासून पहाटे उठून त्या फरशीवर पाऊल टाकणें तिला जड जाऊं लागलें. गेल्या हिवाळ्यांत चिरंजीवांनीं सुचविलें कीं, तिच्या निजावयाच्या खोलींत 'लॅमिनेट'ची जमीन घालावी. मी कचरलों. आमच्या कन्येच्या घरीं एका दुकानदाराच्या शब्दावर विसंबून घातलेली तशीच जमीन पहिल्याच पावसाळ्यांत सांध्यांशीं फुगली होती, आणि त्या उंचवट्यास ठेंचाळून विहीणबाई पडल्या होत्या. ज्या पायांस सुख द्यावयाचें, तेच निवड चुकल्यास मोडावयाचे!

शब्द शिकवितांना आधीं व्युत्पत्ति सांगावी, ही माझी जुनी खोड. तेव्हां ही वस्तु मुळांत काय आहे, तें प्रथम समजून घेतलें. ती लांकूड नव्हे. लांकडाचे बारीक तंतु राळेंत मिसळून मोठ्या दाबाखालीं केलेली ती फळी असते. तिच्यावर लांकडाचें छायाचित्र छापलेला कागद, त्यावर मेलामाइन राळेचा पारदर्शक कठीण थर, आणि फळी वांकूं नये म्हणून तळाशीं आणखी एक थर. स्वीडनमधील पेरस्टोर्प कंपनीनें १९७७ सालीं ही युक्ति काढली. शुक्तीच्या ठिकाणीं रजत दिसावें, तद्वत् येथें कागदाच्या ठिकाणीं सागवान दिसतें! मात्र दगड पायांची ऊब ज्या वेगानें ओढून घेतो, त्या वेगानें हे तंतु घेत नाहींत; हा गुण मात्र भास नव्हे.

गिऱ्हाईक भुलतें तें त्या चित्रास. परंतु जमिनीचें आयुष्य ठरतें तें वरच्या थरावर व आंतल्या फळीवर. झीज सोसण्याच्या शक्तीप्रमाणें युरोपीय मानकांत ए. सी. १ पासून चढते वर्ग आहेत. घरांतील वर्दळीस ए. सी. ३ पुरतो, बैठकीच्या खोलीस ए. सी. ४ बरा. जाडी ६ पासून १२ मिलिमीटरपर्यंत मिळते. ८ हून कमी घेऊं नये. राळेंतून फॉर्मॅल्डिहाइड वायु सुटतो, यास्तव गठ्ठ्यावर 'ई-१' ही खूण पाहावी. याउपर मीं एक सोपी परीक्षा केली. दोन नमुने आणून कडेची जाडी मोजली, आणि ते रात्रभर पाण्यांत बुडवून ठेवले. सकाळीं स्वस्त नमुन्याची कड भिजल्या पोळीसारखी सुटली होती. दुसऱ्याची किंचित् फुगली होती, इतकेंच. निवड तेथेंच झाली.

उत्तम फळीही हयगयीनें घातल्यास वायां जाते. गठ्ठे त्याच खोलींत ४८ तास ठेवावे. खालची फरशी समतल करावी. तिच्यावर ओल अडविणारा प्लॅस्टिकचा कागद व मऊ अस्तर घालावें. आणि भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर जागा मोकळी सोडावी, कारण हवेंतील ओलाव्यानें फळ्या पसरतात. ही फट पुढें पट्टीखालीं झांकली जाते.

खरी अडचण आपल्या संवयीची आहे. बादलीभर पाणी ओतून जमीन पुसल्याखेरीज आपणांस घर स्वच्छ वाटत नाहीं. या जमिनीस तें सोसत नाहीं. फडकें घट्ट पिळूनच फिरवावें लागतें. म्हणून स्वयंपाकघर, देवघर व न्हाणीघर येथील शहाबादी आम्हीं तशीच ठेविली. नवी जमीन केवळ तिच्या खोलीपुरती.

चैत्रांत काम झालें. यंदाचा पावसाळा सरला, तरी सांधे जागच्या जागीं आहेत. पहाटे ती उठते तेव्हां खाटेच्या कडेवर बसून राहण्याचा तिचा पूर्वीचा क्षण आतां मजला ऐकूं येत नाहीं. एकदम पावलेंच ऐकूं येतात.