पीयूसी आहे हो, ब्रेकचं काय?

बाबांची १९७० ची फियाट ११०० मागच्या महिन्यात उतारावर थांबेचना. गिअर खाली टाकत कशीबशी थांबवली. पुढे शाळा सुटलेली. अजून आठवलं की हात थरथरतात.

मागचं चाक उघडलं तर ड्रम तेलाने माखलेला. ॲक्सलवरचा ब्रीदर चिखलाने बुजलेला. आत तेल तापलं, दाब वाढला आणि सीलमधून तेल थेट ब्रेक शूवर. त्यात व्हील सिलिंडरचा रबरी कप गेलेला. चारही चाकांना ब्रेकची एकच लाइन, एकीकडे गळलं की पेडल तळाला!

सील, बेअरिंग, कप, लायनर सगळं नवं घातलं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ब्रीदर साफ ठेवा, नाहीतर परत याल."

त्या दिवशी पीयूसी चालू होती बरं का! ती धूर बघते, ब्रेक नाही. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी २० हजार फी भरून 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. जरूर नोंदवा. पण पॉलिशआधी ड्रम उघडा. आठवणी आपल्या, रस्ता सगळ्यांचा.