डोंबिवली सोडू की नको?

गेल्या दसऱ्याच्या आदल्या रात्री ह्यांनी जेवताजेवता सहज बोलावं तसं विचारलं, ‘‘सांगलीला राहायला जायचं का गं?’’ मी तव्यावर पोळी टाकत होते. ती करपल्याचा वास आला तेव्हा कुठे भानावर आले.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून ह्यांना विचारणा झाली होती. काम तेच, हिशेबाचं. पगार मात्र ६२ हजारांवरून ४४ हजारांवर येणार होता. ‘‘पण तिथे स्वस्ताई आहे. भागेल आपलं,’’ हे म्हणाले.

शहरात राहणाऱ्या प्रत्येक मध्यमवर्गीय घरात हा विषय कधी ना कधी निघतोच. दिल्ली, बंगळूर, हैदराबादला स्थायिक झालेल्या आपल्या वाचक भगिनींनाही तो नवा नसेल. घरभाडं वाढलं, मुलांच्या शाळेची फी भरली की वाटतं, कुठेतरी लहान गावात जाऊन सुखाने राहावं. पण वाटणं वेगळं आणि बोचकी बांधणं वेगळं.

त्या रात्री मी वही काढली. डोंबिवलीच्या एका खोलीच्या ब्लॉकचं भाडं १८ हजार. सांगलीत दोन खोल्या दहा हजारांत मिळत होत्या. म्हणजे भाड्यात आठ हजार वाचणार आणि पगारात १८ हजार जाणार. महिन्याला दहा हजारांचा तोटा! भाजी, दूध थोडं स्वस्त पडेल, पण किराणा, गॅस, औषधं यांचे भाव गाव लहान म्हणून कमी होत नाहीत. शिवाय लोकलचा पास सुटला तरी स्कूटर आली, तिचं पेट्रोल आलं.

‘‘भाड्याचं सोड, स्वतःच्या घराचं बघ,’’ हे म्हणाले. आमच्याकडे साठवलेले १५ लाख होते. डोंबिवलीत एका खोलीचा ब्लॉक ५५ लाखांना, म्हणजे ४० लाखांचं कर्ज. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. सांगलीत दोन खोल्यांचा जुना ब्लॉक ३५ लाखांना, कर्ज २० लाखांचं, हप्ता त्याच्या निम्मा. हप्त्यात १७ हजार वाचणार, पगारात १८ हजार जाणार. रात्री साडेअकराला हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटला. स्वस्त गावाचं गणित इतकं साधं नसतं, हे त्या रात्री कळलं.

मग मी दुसऱ्या पानावर वेळेचा हिशेब मांडला. डोंबिवली ते मुंबईचं मोठं स्टेशन ४८ किलोमीटर. घरापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत जायला दोन तास, यायला दोन. महिन्याचे २४ दिवस धरले तर ९६ तास. म्हणजे दर महिन्याला चार दिवस आणि चार रात्री हा माणूस गर्दीत उभा असतो! आमची लेक चौथीत आहे. ‘माझे बाबा’ या निबंधात तिने पहिलंच वाक्य लिहिलं होतं, ‘माझे बाबा रविवारी घरी असतात.’ बाईंनी त्याला ‘छान’ असा शेरा दिला होता. मला मात्र ते वाचून गलबलून आलं.

जानेवारीत आम्ही गाव बघायला गेलो. गणपतीचं देऊळ, हळदीची पेठ, भडंगाचे पुडे, सगळं हाकेच्या अंतरावर. संपादकांनी मला घरून लिहायची मुभा दिली होती. महिन्यातून एकदा बैठकीला यायचं, एवढीच अट.

एजंटने नदीकडच्या भागातला तळमजल्यावरचा एक ब्लॉक दाखवला. दोन खोल्या, मागे अंगण, किंमत चक्क २८ लाख. मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले! तेवढ्यात शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘२०१९ ला पाणी हितपर्यंत हुतं बगा.’’ कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ आणि २०२१ सालीही पूर आला होता. घर स्वस्त का होतं, ते एजंटने सांगितलं नव्हतं, काकूंनी सांगितलं. विश्रामबागेकडे, नदीपासून लांब, भाव चढे होते आणि का चढे होते तेही समजलं.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती. आई ठाकुर्लीला एकटी राहते. बाबा गेले, मी एकुलती एक. आमच्या घरापासून ती रिक्षाने दहा मिनिटांवर. तिला म्हटलं, ‘‘आमच्याबरोबर चल. मिरज तिथून दहा किलोमीटर. १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल सुरू झालं, दवाखान्यांचंच गाव म्हणतात. तुझ्या गुडघ्यांची सोय होईल.’’

‘‘गुडघ्यांची होईल, माझी काय?’’ ती म्हणाली. तिचं भजनी मंडळ, भिशी, समोरच्या जोशीकाकू. ती यायची नाही, हे मला ठाऊक होतंच. मग मी नेहमीचं सांगायला लागले, की आई, तिकडे स्वस्त पडतं गं.

आईने शेंगा निवडता निवडता मान वर केली. ‘‘तुझी वही मला दाखवलीस ना? स्वस्त कुठे पडतंय? नवरा घरात दिसावा, पोरीला बाप मिळावा म्हणून जातेस. तसंच सांग की! खोट्या कारणाने गेलीस तर दर महिन्याला वही काढून बसशील आणि पस्तावशील.’’

मला बोलताच येईना. तीन महिने जे मी स्वतःशी कबूल केलं नव्हतं, ते तिने शेंगा निवडताना सांगून टाकलं.

आम्ही ठरवलं. लेकीची परीक्षा संपल्यावर जायचं, पण एक वर्ष भाड्याने राहायचं. एक पावसाळा डोळ्यांनी बघितल्याशिवाय घर घ्यायचं नाही. १५ लाखांना हात लावायचा नाही. दर महिन्याला बैठकीसाठी येईन तेव्हा दोन रात्री आईकडे राहीन. खरं सांगू? दहा मिनिटांवर असताना मी तिच्याकडे सलग दोन रात्री कधी राहिलेच नव्हते.

तरीही रात्री दोनला तिला काही झालं तर? तिच्या घराची एक किल्ली जोशीकाकूंकडे दिली आहे, डॉक्टरांचा नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरांत लावला आहे. पण सांगलीहून यायला एक रात्र लागते, ती काही किल्लीने कमी होत नाही. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते आहे असं मी भासवणारही नाही.

आपल्यापैकी कुणी अशाच विचारात असेल तर पैशांचा हिशेब जरूर मांडा. तो मांडल्यावर मात्र एकदा स्वतःला विचारा, की आपण नेमकं कशासाठी निघालो आहोत? आमच्या घरात सध्या खोकी भरणं चालू आहे. लेकीने एका खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘बाबांचे बूट, सांगलीत लवकर लागणार नाहीत.’