घराची चटणी आणि 'डॉट आयडिया'

परवा कळंब्यातल्या घरी बसून काम करत होतो. टीममधल्या नव्या पोराने एक ओळ बदलली आणि गिटने सातशे ओळी बदललेल्या दाखवल्या! फोनवर जाम चिडलो त्याच्यावर. मग लक्षात आलं, 'डॉट आयडिया' फोल्डर गिटमधून मीच काढून टाकलं होतं. त्याच्या एडिटरला आमचे नियम कळणार कसे?

आई वर्षाची चटणी डंकावर कुटून आणते. घराला चटणी एकच, पण ताटात कोण किती घेतो हे ज्याचं त्याचं. इथंही तसंच. कोडची मांडणी, तपासणीचे नियम सगळ्यांचे. ते गिटमध्ये हवेत. 'वर्कस्पेस डॉट एक्सएमएल', म्हणजे कुठली फाईल उघडी होती वगैरे, ते आपल्यापाशीच. जेटब्रेन्सही हेच सांगते.

असो. आधी पोराला सॉरी म्हटलं, मग फोल्डर परत ठेवलं.