सोलमधील निवांत दिवस

व्यापारी घरात निवांत दिवस सहसा उगवत नाही. दुकानाला सुट्टी असली तरी वसुली, आलेला माल, कोणाचे लग्नकार्य यांपैकी काहीतरी समोर उभे असतेच. त्यामुळे कोरियातील मुक्कामाचा शेवटचा दिवस अगदी मोकळा मिळाला, तेव्हा तो कसा घालवावा असा प्रश्न आम्हा उभयतांना पडला. सिडनीला लेकीकडे जाण्याचे विमान रात्री होते. सामान बांधून हॉटेलातच ठेवले होते. पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, म्हणजे जेवणाचीही चिंता नव्हती.

गेल्या दिवाळीत थोरल्या दिरांशी दुकानाची वाटणी झाली. चौघांसमक्ष, कागदोपत्री, शांतपणे झाली. मात्र तेव्हापासून दोन्ही भावांचे बोलणे थांबले. एकाच गल्लीत दोन पाट्या लागल्या. यजमान त्याविषयी कधी बोलत नाहीत आणि मीही तो विषय काढत नाही.

सकाळी आम्ही चॉंगग्येचॉनच्या काठी उतरलो. सोल शहराच्या मध्यभागातून वाहणारा हा ओढा रस्त्याच्या पातळीहून बराच खाली आहे. पायऱ्या उतरताच वाहनांचा आवाज मागे राहतो. थोडे चालल्यावर ग्वांगतोंग नावाचा दगडी पूल लागतो. त्याच्या भिंतीत सुंदर नक्षीचे मोठे दगड बसवले आहेत. त्यांतील काही चक्क उलटे आहेत.

त्यांची हकीकत अशी. जोसॉन घराण्याचा पहिला राजा थेजो याची राणी सिनदॉक १३९६ मध्ये निवर्तली. तिच्याच मुलाला युवराज नेमले होते. १३९८ मध्ये सावत्र भावांत संघर्ष पेटला आणि त्यात तिचे दोन्ही पुत्र मारले गेले. पुढे गादीवर आलेल्या थेजोंग या सावत्र मुलाने १४१० मध्ये तिच्या समाधीचे दगड या पुलाला लावले. लोकांनी त्यांवरून चालत जावे, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. आज मात्र येणारेजाणारे थांबून त्या दगडांवरील नक्षीचे कौतुक करतात.

यजमान बराच वेळ त्या उलट्या दगडांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "रागापायी केवढी मेहनत घेतली गं याने!" एवढेच बोलून ते पुढे चालू लागले.

या ओढ्याची स्वतःची कथाही ऐकण्यासारखी आहे. घाण आणि दुर्गंधी यांमुळे १९५८ पासून तो काँक्रीटखाली झाकण्यात आला. पुढे त्यावर उन्नत महामार्गही उभा राहिला आणि दोन्ही काठांवर व्यापार वाढला. तो महामार्ग पाडून ओढा पुन्हा उघडायचे ठरले, तेव्हा व्यापाऱ्यांनी मोठा विरोध केला. ज्याचे गिऱ्हाईक रस्त्यावरून येते, त्याला रस्ता जाण्याची भीती वाटणारच. २००३ मध्ये पाडकाम सुरू झाले आणि २००५ मध्ये ओढा खुला झाला. जुन्या महामार्गाचे तीन खांब आठवण म्हणून पाण्यात तसेच उभे ठेवले आहेत.

पण केवळ झाकण काढून पाणी वाहू लागले नाही. मूळचा प्रवाह फार क्षीण झाला होता. म्हणून मुख्यतः हान नदीतून पंपाने पाणी आणून दररोज सुमारे १ लाख २० हजार टन पाणी ओढ्यात सोडण्याची व्यवस्था केली गेली. आटलेला प्रवाह पुन्हा वाहता करायचा, तर तो रोजच्या रोज भरावा लागतो, हे मला तेथे बसल्या बसल्या जाणवले. आम्ही दगडावर बसून दशम्या खाल्ल्या. कितीतरी महिन्यांनी यजमान घड्याळाकडे न पाहता जेवले.

दुपारी ग्वांगजांग बाजारात गेलो. हा बाजार १९०५ चा. खाली जात्यावर भिजवलेली मूगडाळ दळून जाड धिरडी तळतात. त्यांत काय काय पडते याची खात्री नसल्याने आम्ही ती नुसती पाहिली. वर कापडाची दुकाने आहेत. रेशमाच्या ढिगांपुढून यजमान तसेच पुढे गेले. आमच्या दुकानात रेशीम पूर्वीपासून ठेवत नाहीत. ते थांबले 'मोसी'पाशी. रामी नावाच्या झाडाच्या सालीतील धाग्यांचे हे विरळ, हलके कापड. हानसान गावच्या मोसी विणकामाला २०११ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले आहे.

यजमानांनी कापड दोन बोटांत धरून पाहिले, उजेडासमोर धरले. दुकानातल्या वयस्क बाईंनीही त्यांचा हात ओळखला असावा. आतला चांगला ठाण त्यांनी न मागता काढून दाखवला. भाषा येत नसतानाही दोघांचा व्यवहार गणकयंत्रावर आकडे दाखवत नीट पार पडला. यजमानांनी चार बोटे दाखवली.

एक लेकीला, एक सुनेला, एक मला. "चौथा कोणाला?" मी विचारले.

"वहिनींना पांढऱ्यातला बारीक पोत आवडतो," ते पैसे मोजत म्हणाले.

संध्याकाळी सोल स्थानकावरून विमानतळाची गाडी धरली. पाऊण तासाचा प्रवास. चौथा तुकडा त्यांनी वेगळ्या कागदात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवला होता. सिडनीचा महिना संपला की तो आमच्यासोबत घरी जाईल. गल्लीतल्या त्या दुसऱ्या दारी तो कोण घेऊन जाणार, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.