पुढच्या खेळाची वाट

पुण्यात गणपतीचे देखावे बघायला पैसे पडत नाहीत. आमच्या घरची वर्षातली मोठी करमणूक तीच होती. हडपसरहून बसने यायचं, मंडईच्या गर्दीत शिरायचं आणि जिवंत देखाव्यापुढच्या दोरीला धरून उभं राहायचं. खेळ दहा-बारा मिनिटांचा, पण चालू खेळ अर्धा हुकला की पुढच्यासाठी थांबणं आलं. अफझलखानाचा वध मी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिला. पडदा सरकायचा, निवेदकाचा आवाज घुमायचा, दिव्यात वाघनखं चमकायची. आईला यातलं काहीच दिसत नसे. झोपलेल्या धाकट्याला कडेवर घेऊन ती मागे उभी. बाबांची सकाळी सातची पाळी असे, म्हणजे आईला पाचला उठून डबा करायचा. आमची मजा त्या दोघांच्या झोपेतून वजा होत होती.

कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर रात्ररात्र हिंडले. तेव्हा वेळ मुबलक होता.

मग तान्ह्या मुलीला घेऊन गेले. पाजायला आडोसा नाही, बायकांसाठी स्वच्छतागृह सापडेना. तासभर उभं राहून खेळ न बघताच परतलो.

गर्दी एकदम लोटते, त्यालाही कारण आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, त्यातले काही गणपतीच्या वाट्याला येतात. नियम हवाच, मांडवाला लागून आजारी माणसं राहतात, तान्ही बाळं झोपतात. पण कामावरून सुटलेल्या माणसाच्या हाती संध्याकाळचे दोन-तीन तासच उरतात. त्यात ओळखीच्यांना बाजूने आत सोडलं की रांगेतल्यांचं थांबणं आणखी वाढतं. हे मला फार खुपतं. आता मेट्रो थेट मंडईला सोडते, मात्र वर आलं की तीच दोरी, तेच ताटकळणं.

आईचे गुडघे आता साथ देत नाहीत, हौस तेवढीच आहे. मध्यंतरी एका छोट्या मंडळाने फळ्यावर खडूने पुढच्या खेळांच्या वेळा लिहिल्या होत्या, म्हाताऱ्या माणसांसाठी पुढे बाकं टाकली होती. आम्ही वेळ बघून चहा घेऊन आलो आणि आईने पहिल्या बाकावर बसून अख्खा खेळ बघितला. वर्गणीची पावती फाडायला मुलं आली की मी पैसे देते आणि तसा फळा लावायला सांगते.